रुपये, किलो आणि ‘सुटतं का?’

जुनी व्हॅन लांबच्या प्रवासासाठी तयार करायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी पलंग येतो. मग पडदे, पिवळे दिवे, लाकडी फळ्या आणि मागच्या दारात वाफाळणारा चहा. आम्ही जुनी मारुती ओम्नी घेतली तेव्हा आमच्या घरातही रात्रंदिवस पलंगाचीच चर्चा होती. नाना पेठेतल्या मेकॅनिकदादांनी मात्र गाडीच्या आत डोकावलंसुद्धा नाही. ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, टायरच्या बाजूवरचा एक लंबगोल ठसा अंगठ्याने पुसला आणि मला म्हणाले, “ताई, वाचा.” चार आकडे होते : २३१४.

“तेविसावा आठवडा, साल २०१४. वरची नक्षी बघून फसू नका. हा टायर उभ्या उभ्या म्हातारा झालाय.” त्यांनी बोटाने टायर दाबला तशा नक्षीच्या खाचांतल्या केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. “आधी चारही टायर. मग कुठे झोपायचं ते ठरवा.”

माझी नोकरी हिशेबाची. उभं आयुष्य एका छापखान्याची जमाखर्चाची वही सांभाळण्यात गेलं, त्यामुळे या कामाचीही वही निघणं ओघाने आलंच. पहिला रकाना अर्थात रुपयांचा. गाडी, दुरुस्ती आणि आतलं सगळं सामान धरून दोन लाखांच्या पुढे जायचं नाही, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलं होतं. काम पुढे सरकलं तसा दुसरा रकाना आखावा लागला, किलोंचा. तिसऱ्याची गरज सगळ्यांत शेवटी कळली. त्याच्या डोक्यावर मी लिहिलं, ‘सुटतं का?’ आज ती वही चाळताना वाटतं, की या तिन्हींत तोच रकाना सगळ्यांत शहाणा निघाला.

ओम्नीच का, हे सगळेच विचारतात. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचं ओम्नी असं नाव झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या पस्तीस वर्षांत तिने शाळेची मुलं नेली, भाजी वाहिली, पेशंट दवाखान्यात पोचवले. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या सीटखाली बसवलेलं. सीट उचलली की इंजिन समोर. कुठल्याही तालुक्याच्या गावी तिला उघडू शकणारा माणूस भेटतो, आणि तिचे सुटे भाग स्वस्तात मिळतात. बजेट तुटपुंजं असेल तर गाडीच्या किमतीइतकीच ही गोष्टही मोलाची.

पण ज्या रचनेमुळे ती सोयीची, तिच्यामुळेच ती धोक्याचीही आहे. इंजिन सीटखाली म्हणजे नाकाच्या जागी काहीच नाही. चालवणाऱ्याचे पाय बंपरच्या लगेच मागे. एअरबॅग नाहीत. अपघातातल्या सुरक्षेचे नवे निकष या जुन्या सांगाड्यात बसवणं शक्य नव्हतं, म्हणूनच ती बंद झाली. हे आम्ही विसरायचं नाही असं ठरवलं. ताशी साठच्या वर जायचं नाही, अंधार पडल्यावर हायवेवर राहायचं नाही, आणि गाडी चालू असताना मागे गादीवर कुणी आडवं व्हायचं नाही. या तीन नियमांना पैसा लागत नाही आणि वजनही नाही.

दुरुस्तीत आमच्या बजेटचा जवळपास निम्मा भाग गेला. जुन्या गाडीत लोखंडापेक्षा रबर आधी दगा देतं. रेडिएटरपासून इंजिनापर्यंतचे होज, ब्रेकचे पाइप, पेट्रोलची नळी, फॅनबेल्ट, काचांच्या कडेचं बीडिंग हे सगळं बदललं. रेडिएटर उतरवून साफ करून घेतला, थर्मोस्टॅट नवा टाकला, साध्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. यातलं काहीही फोटोत दिसत नाही. पाहुण्यांना गाडी दाखवताना “हा बघा आमचा नवा होज” असं म्हणता येत नाही. पण कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत असताना तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो, तेव्हा आपले पैसे कुठे गेले ते बरोबर कळतं.

गंज शोधायची युक्तीही दादांचीच. त्यांनी एक छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं. जिथे ते चिकटेना, तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी होती. सरकत्या दाराच्या खालच्या रुळाशी आणि मागच्या चाकाच्या कमानीत असे दोन मोठे भाग सापडले. ते कापून नवा पत्रा वेल्ड केला, रेड ऑक्साइड मारला आणि खालून अंडरकोटिंग केलं. मग गच्चीवरून पाइप सोडून गाडीवर पाणी मारलं. मी आत टॉर्च घेऊन बसले आणि जिथे ओल दिसली तिथे खडूने फुल्या मारत गेले. सुताराला बोलवायच्या आधी हे करावंच लागतं. पलंग बसल्यावर त्याच्यामागचं पाणी दिसत नाही, फक्त वास येतो.

टिंबर मार्केटमध्ये गेल्यावर किलोंचा रकाना सुरू झाला. सुतारमिस्त्रींचा आग्रह अठरा एमएमच्या प्लायचा होता. आठ बाय चार फुटांची तसली एक शीट बत्तीस-पस्तीस किलो भरते. फर्निचर म्हटल्यावर दोन-तीन शीट सहज लागतात, म्हणजे आणखी एक तब्येतीचा माणूस कायमचा गाडीत बसवल्यासारखं. रिकामी ओम्नी आठशे किलोंच्या आतली. तिच्या इवल्याशा इंजिनाला आणि बारा इंची चाकांना प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. चढावर इंजिनाला, उतारावर ब्रेकला.

मिस्त्री म्हणाले, “ताई, अठराचा लावू. आयुष्यभर हलणार नाही.”

“मिस्त्री, मला तो हलायलाच हवाय,” मी म्हटलं. “महिन्याला एकदा तरी मी तो उचलून बाहेर काढणार आहे.”

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या आयुष्यात गिऱ्हाइकाने अशी मागणी पहिल्यांदाच केली असावी.

यामागे तिसरा रकाना होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी आणि कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितलं. आमची व्हॅन कागदोपत्री पाच आसनांची आहे. मागचं बाकडं काढून तिथे कायमचा पलंग ठोकला तर ती कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी गाडी होते. चौकात अडवतात ते सोडा. अपघात झाल्यावर विमा कंपनीने बोट ठेवलं तर आपल्याकडे उत्तर नसतं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आमच्यासारख्यांना परवडणारी वाट वेगळी. गाडी गाडीच ठेवायची आणि आत जे येईल ते सामान म्हणून येईल, सामान म्हणूनच उतरेल.

म्हणून बाकडं जागच्या जागी राहिलं. त्याची पाठ पुढे दुमडते, तिच्यावरून जाईल इतक्या उंचीचा पलंग केला. बारा एमएमच्या वॉटरप्रूफ प्लायच्या तीन फळ्या, एकमेकींना लांब बिजागरीने जोडलेल्या, खाली घडीचे लोखंडी पाय. पाय सीटच्या मूळ पट्ट्यांना विंग नटने आवळले जातात, पान्याशिवाय. गाडीच्या पत्र्यात एकही नवं भोक नाही. फळ्यांना मात्र मी मिस्त्रींकडून भरपूर भोकं पाडून घेतली, वाटीएवढी. त्याने वजन घटलं, आणि गादीला खालून हवा मिळाली. बंद गाडीत दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड पत्र्यावर आणि गादीखाली जाऊन बसते. भोकं नसतील तर आठवड्याभरात गादीच्या पोटाला बुरशी धरते.

उंची राखल्याची किंमत मोजावी लागलीच. पलंगावर ताठ बसता येत नाही, रांगत शिरावं लागतं. लांबीही जेमतेम. मी सव्वापाच फूट, नवरा साडेपाच, आम्हाला पुरते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आम्ही अक्षरशः पाळतो. गादी कापसाची करायची नाही हे मात्र पक्कं होतं. ती जड, त्यात दमट हवेत पाणी पिते. गादीवाल्याकडून बत्तीस डेन्सिटीचा चार इंची फोम कापून आणला. बत्तीस डेन्सिटी म्हणजे घनमीटरला बत्तीस किलो, त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या हिशेब करता आला. आमच्या मापाची गादी सात किलो.

इथून पुढचं काम माझ्या शिवणयंत्राचं. सरकत्या दारांच्या काचा अर्ध्या उघडतात, त्यातून हवा येते आणि डासही. बाहेरून लावायची जाळी शिवली आणि तिच्या दुमडीत चपटी छोटी चुंबकं घालून टाके मारले. पत्र्याजवळ नेली की जाळी टक् टक् टक् करत आपसूक चिकटते, सकाळी ओढली की निघते. चुंबक पत्रा ओळखतं हे गंज शोधतानाच शिकले होते. काचांच्या मापाचे रुपेरी बबल फॉइलचे तुकडे कापून आतून बसवले. दुपारी उष्णता अडते, रात्री दिव्यांचा उजेड बाहेर जात नाही आणि आत कुणी झोपलंय हे कळत नाही. जाळ्या, फॉइल, पडद्याच्या पट्ट्या सगळं मिळून दोन किलोंच्या आत. ‘सुटतं का?’ या रकान्यात बरोबरची खूण.

विजेच्या बाबतीत बजेट हमखास कोसळतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा तो इथेच. इन्व्हर्टर, छोटा फ्रिज, मोठी लिथियम बॅटरी, छतभर सोलर... यादी वाढत जाते. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाण्याआधी मी कागदावर गरज मांडली. पंधरा वॅटचा बारा व्होल्टचा पंखा रात्री आठ तास चालला तर १२० वॅट-तास. पाच वॅटचा दिवा चार तास, म्हणजे २०. दोन फोन मिळून तीसेक. एकूण १७०. चाळीस अँपिअर-तासांची साधी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी ४८० वॅट-तासांची, पण ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणजे हाती २४० उरतात. गरज भागून वर थोडी शिल्लक! मग इन्व्हर्टर कशाला? फ्रिज तर नकोच.

ही दुसरी बॅटरी गाडी चालू असताना रिलेमधून चार्ज होते, आणि एका जागी मुक्काम पडला तर पन्नास वॅटचं सोलर पॅनल गाडीला टेकवून उन्हात ठेवतो. छतावर ठोकलेलं नाही. बॅटरीचा डबा मागे, हवा खेळेल असा, कारण चार्ज होताना लेड-ॲसिडमधून थोडा हायड्रोजन सुटू शकतो. आणि बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज. गल्लीतल्या दुकानदाराने त्याचं कारण नीट सांगितलं : वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली गेली तर शॉर्ट होतो, आणि फ्यूज वायरच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मधली सगळी वायर विस्तवासारखी लाल होते. म्हणून वायर लवचीक पाइपातून नेली आणि जिथे ती पत्रा ओलांडते तिथे रबरी बूच बसवलं.

दोन गोष्टी मात्र आम्ही कधीही करत नाही. उकडतंय म्हणून इंजिन चालू ठेवून झोपायचं, किंवा आत शेगडी पेटवायची. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकराजवळ उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा धूर आत शिरला होता. महागडी गाडी होती ती. आमचा स्वयंपाक कायम बाहेर, वर उघडणाऱ्या मागच्या दाराच्या आडोशाला. ते दार उचललं की डोक्यावर छप्पर होतं, पावसाच्या भुरभुरीत चहा निभतो. शेगडी एकच. खिचडी, पिठलं, मेतकूट-भात. बाकी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून. ओट्याऐवजी घडीचं टेबल.

पाणी म्हणजे निव्वळ वजन. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो. आम्ही पाच-पाच लिटरचे कॅन ठेवतो आणि घाट चढायच्या आधी एक सोडून बाकीचे रिकामे करतो. वर पोचल्यावर कुठेही भरता येतात. पाणी फुकट मिळतं, ते घाटावर वाहून नेणं फुकट नसतं.

आणि संडासाचं काय, हा प्रश्न मला बायका विचारतात, पुरुष क्वचित. दिवसाची आखणीच पेट्रोल पंपांवरून होते. मुक्कामाची जागा ठरवतानाही तेच आधी पाहायचं : देवस्थानाचं भक्तनिवास, मोठा ढाबा, रात्रभर चालू असणारा पंप. पैसे देऊन आवारात गाडी लावू देणारी लॉजं मिळतात, त्यांचा आणि आपला दोघांचा फायदा. रात्रीसाठी मात्र घडीचं स्टूल, त्याखाली झाकणाची बादली आणि लाकडाचा भुसा एवढी सोय गाडीत असते. भुसा मिस्त्रींकडून फुकट मिळाला. या सोयीबद्दल कुणी लिहीत नाही, पण ती नसेल तर बाईमाणूस दुपारपासून पाणी प्यायचं थांबवतं. मग तो प्रवास कसला?

या गाडीने आम्ही कोकणचा किनारा उतरलो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींतून खाड्या ओलांडत गेलो. बोटीवरच्या मोठमोठ्या गाड्यांच्या फटीत ओम्नी कुठेही मावते. कच्छलाही गेलो. खावड्याहून धोळावीऱ्याकडे जाणारा रस्ता रणातून सरळ जातो, दोन्ही बाजूंना पांढरं सपाट आणि मध्ये आडोसा नावाला नाही. तिथे आडव्या वाऱ्याने गाडी ढकलली तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरून नवरा म्हणाला, “अगं, बरं झालं छतावर कॅरिअर नाही लावला.” उंच, अरुंद आणि हलकी गाडी, तिच्या डोक्यावर बोजा चढवला की वाऱ्याला आयतं निमित्त. आम्ही चाळिशीवर आलो आणि हळूहळू पार झालो. मागचं सगळं सामान पट्ट्यांनी बांधलेलं होतं. ते मी दर सकाळी ओढून पाहते, कारण करकचून ब्रेक लागला तर सैल कॅनसुद्धा मानेवर येतो.

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत नोंदणी नूतनीकरणाला न्यायची होती. २०२२ मध्ये जुन्या मोटारीसाठीचं शुल्क पाच हजार रुपये झालं होतं, वर पर्यावरण कर. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी विंग नट फिरवले. फळ्या, गादी, बॅटरी, जाळ्या, बादली सगळं जिन्याखाली गेलं आणि अर्ध्या-पाऊण तासात अंगणात पाच आसनी ओम्नी उभी राहिली. निरीक्षकांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, चासी नंबर ताडून पाहिला. मागे वाकून बाकड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चांगली ठेवलीय.” एवढंच. पुढच्या पाच वर्षांची परवानगी मिळाली. मधल्या काळात याच गाडीतून माझ्या भावाच्या मुलीचं हॉस्टेलचं सामान गेलं, सोसायटीतल्या आजोबांना डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं. पलंग कायमचा ठोकला असता तर ती वर्षातले दहा महिने नुसती धूळ खात उभी राहिली असती, आणि दोन लाखांची ती चैन आमच्या घरात फार दिवस टिकली नसती.

हल्ली ओळखीतली मंडळी गाडी पाहायला येतात. तरुण असतात, निवृत्तीजवळ आलेली असतात. फोनवर परदेशी गाड्यांची चित्रं दाखवतात, ज्यांत सिंक असतं, बुकशेल्फ असतं, मांजरही असतं. मी त्यांना आमची वही देते. बहुतेक जण रुपयांचा रकाना वाचतात आणि वही परत करतात. मग मी त्यांना एकच काम सांगते. जी गाडी घेतली आहे, तिच्यात काहीही न करता घरातली गादी टाका आणि गावाबाहेर एक रात्र काढा. पाय कुठे अडतात, हवा कुठून येत नाही, रात्री दोन वाजता कशासाठी उठावं लागतं आणि हात अंधारात काय शोधतो, हे सकाळी कागदावर लिहा. त्या कागदावर जे नाही ते विकत घेऊ नका. जे आहे ते आधी दोरीने बांधून चालतं का पाहा, मग स्क्रूने, आणि खिळ्यापर्यंत शक्यतो जाऊच नका.

परवा एक जोडपं तशी रात्र काढून आलं. त्यांच्या यादीत चारच गोष्टी होत्या, पलंग त्यांत नव्हता. पहिली होती, ‘नवे टायर’.